ओटा कुणाच्या मापाचा

मिस्त्रीनं खिशातून टेप काढला, भिंतीला लावला आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, "साहेब, ओटा किती उंच घ्यायचा?" हे म्हणाले, "नेहमीचा असतो तेवढाच घ्या." "म्हणजे तेहतीस," असं म्हणत मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवर रेघ मारली. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराशीच उभ्या होतो. त्यांच्या हातात चहाचे कप, माझ्या हातात डब्यांची चळत. त्या खोलीत दिवसातले पाच-सहा तास उभ्या राहणाऱ्या दोघी समोर असताना प्रश्न तिसऱ्यालाच गेला आणि उत्तरही तिसऱ्याकडूनच आलं. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. मिस्त्री सरळ माणूस आहे, आणि ह्यांना ऑफिसला निघायची घाई होती. पण ती रेघ दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना. जाता-येता मी तिच्याजवळ उभी राहत होते. माझ्या कमरेच्या जरा खाली येत होती. आत्याबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ती थेट त्यांच्या कमरेपर्यंत पोचत होती.

आमचं स्वयंपाकघर सात बाय नऊ. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, लांबीच्या भिंतीला कडप्प्याचा ओटा आणि त्याच्या टोकाला बसकं सिंक. हा ओटा सत्तावीस इंच उंच आहे. एवढा बुटका ओटा मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलेला नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्यापुढं वाकून उभी आहे. माझी उंची पाच फूट पाच इंच. सिंकमधली भांडी घासताना कपाळ नळाला लागेल इतकं खाली जावं लागायचं, आणि पाहुणे गेल्यावर भांड्यांचा ढीग उरकून सरळ व्हायचं म्हणजे आधी दोन्ही हातांनी सिंकची कड धरायची, मग हळूहळू पाठ वर आणायची. मनातल्या मनात त्या ओट्याला मी खूप बोललेय. पैसे जमले की पहिला घाव ह्याच्यावर, हे कधीचंच ठरलेलं होतं.

रेघ मारली त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता आत्याबाई सहज बोलल्या, "आमच्या वक्ताला गवंड्यानं मला इचारलं होतं." किल्लारीच्या भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं सासरचं माळवद, म्हणजे दगडमातीचं धाब्याचं घर, बसलं. गणपती बोळवून आल्यावर माणसं अंगणातच आडवी झाली होती, म्हणून वाचली. दोन वर्षांनी सासऱ्यांनी लातुरात जागा घेऊन दोन खोल्या उठवल्या. डोक्यावर परत दगडमाती नको, असं आत्याबाईंनी बजावून सांगितलं होतं, म्हणून वर पत्रे आले. तोवर त्यांचा सगळा स्वयंपाक चुलीपुढं बसून झालेला. उभ्यानं रांधायचं कसं, ह्याचीच त्यांना धास्ती. गवंडी गावाकडचाच होता. त्यानं त्यांना भिंतीशी उभं केलं आणि म्हणाला, "वैनी, भाकरी थापल्यावानी हात धरा बघू." त्यांनी हवेतच हात धरले. तळवे जिथं आले त्याच्या जरा खाली त्यानं थापीच्या टोकानं खूण ओढली. ती खूण म्हणजे हे सत्तावीस इंच. आत्याबाई जेमतेम पावणेपाच फूट आहेत.

इतकी वर्षं मी ज्या ओट्याला शिव्या घालत होते, तो एका बाईच्या हाताच्या मापानं बांधलेला होता.

हे कळल्यावर आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. त्यांचं कौतुक वाटलं, जराशी असूयाही वाटली. सगळं गमावून शहरात आलेल्या त्या बाईला १९९५ साली कुणीतरी उभं करून विचारलं होतं, आणि आज माझ्या घरात, माझ्याच भिशीच्या पैशातून काम निघत असताना मला कुणी विचारलं नव्हतं. दुसरीकडे हेही दिसत होतं की माझ्या पाठीच्या सुखासाठी जी वस्तू फुटणार होती, ती ह्या घरातली त्यांची एकमेव मापाची वस्तू. कपाटं, दारांच्या कड्या, आरसा, सगळं त्यांना उंच पडतं. ओट्यापुढं मात्र त्या पाटावर न चढता उभ्या राहतात.

त्याच आठवड्यात हौसेनं एका दुकानात मॉड्युलर किचन बघायला गेलो होतो. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एखाद्या रस्त्यावर आता तसलं दुकान असतंच. तिथल्या मुलानं आमची मापं कॉम्प्युटरात घातली आणि बघता बघता आमचंच स्वयंपाकघर पडद्यावर चकचकीत होऊन आलं. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. मी विचारलं, "ह्यात पाण्याचं पिंप कुठं ठेवायचं?" त्यानं नळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "दादा, नळाला पाणी आल्यावर भरून ठेवायचं पिंप." तो पडद्यात जागा शोधत राहिला. पिंप नाही, माठाची तिवई नाही, हंड्या-कळश्यांना टेकायला जागा नाही. लातूरच्या बाईनं स्वयंपाकघर मांडायचं म्हणजे आधी पाणी कुठं राहील ते बघायचं, मग बाकीचं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांच्या घरातून पिंप बाहेर जाणं शक्य नाही. धरण भरल्याची बातमी वाचूनही आम्ही पिंप भरून ठेवतो. दुकानातला आकडा होता दोन लाख दहा हजार. आमच्याकडे भिशीचे आणि ह्यांनी मागं टाकलेले मिळून सत्तर हजार होते. दोन्ही कारणांनी उठलो. पैशाचं कारण नसतं तरी पिंपाच्या कारणानं मी उठलेच असते.

आमच्या गल्लीत एक ताई मेस चालवतात. लातुरात शिकायला आलेल्या पोरांचे डबे. सकाळ-संध्याकाळ मिळून किती पोळ्या लाटल्या जातात त्याचा हिशोब त्या ठेवत नाहीत, कणकेच्या पोत्यांचा ठेवतात. त्यांच्याकडे सहज हा विषय काढला तर त्या मला सरळ आत घेऊन गेल्या. लाटायला त्यांनी ओटा वापरलेलाच नाही. लोखंडी टेबल आहे आणि त्याच्या चारही पायांखाली विटा. दोघी बायका कामाला आहेत, एक उंच, एक बुटकी. बुटकी लाटायला आली की विटा निघतात. त्या म्हणाल्या, "खांदा वर उचलून लाटायला लागलं ना वहिनी, की दुपारपर्यंत मान धरती. कोपर खाली मोकळं पाहिजे." आधी ह्या ताई लोकांच्या घरी पोळ्या करायला जायच्या. ती घरं त्यांना ओट्यावरून आठवतात. एका घरचा ओटा इतका उंच की महिनाभरात काम सोडलं, दुसऱ्या घरी पगार कमी होता तरी चार वर्षं टिकल्या. डॉक्टर बाईनं गोळ्या दिल्या, पण ओटा केवढा आहे हे विचारलं नाही.

घरी येऊन मीही विटा मांडल्या. मागच्या अंगणात विटांच्या दोन चळती, वर जुनी फळी, फळीवर परात. एकेक वीट वाढवत, काढत बघितलं. मळून बघितलं, चिरून बघितलं, पाण्याची बादली ठेवून भांडी घासल्यासारखं करून बघितलं. लेकीला टेप धरायला लावला. आणि तेव्हा लक्षात आलं की ज्याला आपण ओटा म्हणतो ती एक वस्तू नाहीच, त्याच्यावर होणारी कामं निरनिराळी आणि प्रत्येकाची उंची निराळी. जोर लावून करायच्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या बराच खाली लागतो, म्हणजे अंगाचं वजन हातात उतरतं. चिरायला, निवडायला तो वर यावा लागतो. शेगडीचं तर अजून वेगळं. शेगडीच मुळी चार-साडेचार इंच उंच, तिच्यावर पातेलं सहा-सात इंच. सत्तावीसच्या ओट्यावर वरणाला फोडणी देताना माझी पाठ सरळच असते, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. आणि तेहतीस इंचांच्या ओट्यावर आत्याबाईंना उकळत्या पातेल्यात बघायलासुद्धा टाचा उंच कराव्या लागल्या असत्या. उलट सिंकचा तळ ओट्याच्या आठ इंच खाली जातो. भांडी तिथं असतात, त्या खोलात. माझी पाठ मोडत होती ती सिंकपाशी, शेगडीपाशी नाही.

भाकरी हा तर ह्या सगळ्याचा कळीचा मुद्दा. आत्याबाईंना गुडघ्यांमुळे आता खाली बसवत नाही, पण भाकरी त्यांच्याच हातची. दगडी म्हणावं इतकं जड लाकडी काटवट आहे, त्यांच्या माहेरचं. त्यात ज्वारीचं पीठ आळ्यासारखं करून मध्ये कढत पाणी ओततात, उलथण्यानं कालवतात, आणि पोळतंय तोवरच मळायला घेतात. गोळा मळताना तळहाताची टाच पिठात रुतते, पुढं सरकते, परत मागं येते. त्या ढकलण्यात खांद्यापासून सगळा हात सरळ होतो. पीठ जुनं असलं, विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असली की हे मळणं अजून वाढतं. मग खाली पीठ भुरभुरून थापायला सुरुवात. डावा हात फक्त कडेला, भाकरीला वळवायला. उजव्या हाताची बोटं मधून बाहेर चालत जातात आणि भाकरी काटवटात आपल्याआपण फिरते. ओटा चार इंचांनी जरी उंच झाला तरी हे जमत नाही. विटांवर मी त्यांना तेहतीस इंचांना थापायला लावलं होतं. दोन्ही कोपरं पक्ष्याच्या पंखांसारखी बाहेर निघाली आणि भाकरी कडेला जाड राहिली. त्यांनी थापणं थांबवलं, हात झटकले आणि म्हणाल्या, "मी चपात्या खाईन की. तू कर तुझ्या मनासारखं."

ते वाक्य मला सोसलं नाही. ह्या घरात भाकरी करता येणार नाही असं स्वयंपाकघर बांधण्यात अर्थ काय?

म्हणून ठरवलं की ओटा अर्धाच फोडायचा. शेगडीकडचा चार फुटांचा तुकडा आहे तसा, कडप्प्यासकट, सत्तावीस इंचांवर ठेवायचा. सिंककडचा तीन फुटांचा भाग काढून तिथं चौतीस इंचांवर नवा घ्यायचा, ग्रॅनाइटचा. मिस्त्रीला पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ओट्यात पायरी आली की जोड येतो, जोडात पाणी मुरतं, वर कणीक अडकते, झुरळं होतात. "लोक फोडून एकसारखं करून घ्यायलेत आणि तुम्ही एकसारखा असलेला दोन करायला लावलाव," असं तो म्हणाला. मी त्याला अंगणातल्या विटांपाशी नेलं आणि त्याची स्वतःची बादली तिथं ठेवून घासायला लावली. मग फार बोलला नाही. जोडात सिमेंटऐवजी इपॉक्सी भरायचं आणि उंच भागाची कड खालच्या भागावर अर्धा इंच पुढं काढायची, म्हणजे ओघळ जोडात न जाता सरळ कडप्प्यावर पडेल, ही युक्ती त्यानंच काढली. चांगल्या कारागिराला कारण कळलं की तो आपल्यापुढं जातो.

अर्ध्या कामानं पैशाचाही मेळ बसला. सगळं नवं करायचं तर मिस्त्रीचा अंदाज पंचाण्णव हजारांच्या घरात जात होता. ग्रॅनाइट मी फक्त सिंककडे घेतला त्याला कारण आहे. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड; लिंबू, चिंच, कैरी पडली की खातात आणि पांढरे डाग उठतात. ग्रॅनाइटला आंबटाचं काही होत नाही. चिरायचं, पिळायचं काम आता त्या बाजूला. कडप्प्यावरचे जुने डाग आहेत तसे राहिले, जरा खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झाकतात. टाइल्स एका दुकानात उरलेल्या मालातून घेतल्या, ओट्याच्या वर दोनच फूट. त्याच्या वर ऑइलपेंट. प्लायवूडचा विचारच केला नाही. आमच्या भागात काळ्या मातीतून वाळवी वर येते, आणि पाण्याजवळ टिकणारं मरीन प्लाय परवडणारं नव्हतं. जुन्या ओट्यातून निघालेल्या कडप्प्याच्या आडव्या तुकड्यांची पिठाच्या डब्यांसाठी मांडणी झाली. सिलिंडर आधी ओट्याखाली बसत नव्हता, दाराआड उभा असायचा आणि रबरी नळी उघड्यावरून जायची. आता तो उंच भागाखाली उभा राहतो. तिथं दार मुद्दाम लावलेलं नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीशी साचतो. बंद कपाटात तो कोंडून ठेवण्यापेक्षा उघडं दिसलेलं चालेल. आणि उंच ओट्याच्या टोकाला दोन फूट जागा मोकळी सोडली तिथं निळं पिंप बसलं, झाकण जवळजवळ ओट्याच्या पातळीला. कॉम्प्युटरात ज्याला जागा मिळाली नव्हती ते पिंप आता कुणाच्या पायात येत नाही.

फरशीला हात लावला नाही. मिस्त्री म्हणत होता, व्हिट्रीफाइड टाका, उजेड पडेल. पण उन्हाळ्यात दुपारी त्या शहाबादीवर पाय टेकले की जो गारवा लागतो तो मला सोडायचा नव्हता. हा दगड शहाबादहून येतो, शेजारी नातेवाइकांच्या घरात तांदूरची फरशी आहे. १९५६ पर्यंत शहाबाद, तांदूर आणि लातूर एकाच हैदराबाद राज्यात होते. आता एक कर्नाटकात, एक तेलंगणात, आणि आपण इकडं. राज्यं वाटली गेली तरी मराठवाड्यातल्या घरांच्या पायाखाली अजून तोच दगड आहे. आमच्या फरशीत ओट्यासमोर एक जागा बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झालेली आहे, शेगडीपासून हातभर डावीकडे. तिथं आत्याबाई उभ्या राहतात. पॉलिश करणाऱ्याला मी ती एक फरशी सोडून बाकी कर म्हटलं.

काम झाल्यावर लेकीला ते फारसं आवडलेलं नाही. एक बाजू काळी, दुसरी ठिपक्यांची, मध्ये सात इंचांची पायरी. मैत्रिणींना फोटो पाठवताना तिनं फक्त सिंककडची बाजू पाठवली. जावेनं येऊन विचारलं, "अर्धाच केला? पैसे कमी पडले का?" पैसे कमी पडलेच होते, ते मी सांगितलं, आणि दुसरंही कारण सांगितलं. तिला ते कितपत पटलं माहीत नाही, पण चहा करताना ती बुटक्या बाजूला उभी होती आणि कप विसळताना उंच बाजूला, आणि दोन्ही वेळा ती कमरेत वाकली नाही. मी बघत होते. मला स्वतःला सकाळी पायरीकडे नजर गेली की अजून जरा खटकतं. एकसारख्या, लांब, चकचकीत ओट्याची हौस कुठंतरी होतीच, ती काही एकदम जात नाही. पण संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर सिंकची कड धरावी लागत नाही. आणि माझ्या शेजारी, माझ्या कोपराच्या खाली, त्यांच्या उंचीवर, काटवटात भाकरी फिरत असते.

पत्रा राहिला आहे. एप्रिल लागला की बारानंतर त्या खोलीत उभं राहवत नाही. आतून थर्माकोल लावून घ्या असं एकानं सुचवलं, पण खाली शेगडी पेटलेली असताना मी ते घेणार नाही. वरून पांढरा रंग आणि भिंतीला एक धूर ओढणारा पंखा, एवढ्याची चौकशी करून ठेवली आहे. भिशीत माझा नंबर परत आला की पहिला खर्च तोच. तोवर उन्हाळ्यात भाकरी सकाळी आठच्या आत उरकायच्या आणि दुपारी फक्त ताक-भाकर, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.